आड नसलेली आडकी

इतिहास मी आवडीनं घेतला, असं मी माझ्या मुलांना आजवर सांगत आले. ते खरं नाही. कॉमर्सची यादी भरली होती, मराठीच्या बाईंशी माझं अकरावीतच बिनसलं होतं आणि इतिहासाच्या खिडकीपुढं रांग नव्हती, एवढंच. फॉर्म घेताना कारकुनानं मान वर करून विचारलं, "नक्की ना?" त्याच्या आवाजात काळजी होती. इतिहास स्पेशलला हजेरीपटावर आम्ही नऊ जण. वर्गात चार, भातलावणीच्या दिवसांत दोन. त्या दोघींतली एक मी आणि दुसरी संगीता. संगीता आमच्याच वाडीची, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. तिला बारावीला माझ्यापेक्षा चांगले वीस टक्के जास्त होते, कुठंही प्रवेश मिळाला असता, पण तिला इतिहासच हवा होता. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरात कागद न्हाईत. नुसती आजी हाय." मला ते तेव्हा कळलं नाही आणि कळलं नाही हेही कळलं नाही.

आमची वाडी पुण्याजवळ, नांदे आणि चांदे या गावांच्या मधल्या पट्ट्यात. आता तिथं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेव्हा पावसाळाभर खाचरांत पाणी उभं असायचं आणि उन्हाळाभर खडीच्या क्रशरची धूळ. सकाळी सहाला क्रशर सुरू झाला की आमच्या फडताळातली भांडी आपोआप किणकिणायची. आई म्हणायची, "उटा, भांडी उटली." परड्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याच्या तीन खोल्या काढून क्रशरवरच्या माणसांना भाड्यानं दिल्या होत्या. ती माणसं पहाटे स्टोव्ह पेटवायची, त्यांच्या फोडणीचा वास आणि आमच्या चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीचा वास अंगणात एकमेकांत मिसळायचे. आई थापायला बसली की मी पावट्याच्या आमटीला कांदा-खोबरं वाटायचं. वाटता वाटता मी पानिपताची कारणं पाठ करायची आणि आबा दात घासत ओसरीवरून ऐकायचे. "येवडी कारणं ठावं हुती तर मंग गेली कशाला लढायला?" असं एकदा म्हणाले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "इतिहास शिकून काय व्हणार? तलाठी तरी व्हतीस का?" मी तलाठी होणार नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्या शिक्षणातला रस संपला. तरी एसटीच्या पासाचे पैसे कधी अडवले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

संगीता सकाळी मला हाक मारायला यायची. आई तिला चहा द्यायची. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचो, तिला कान तुटलेला चिनी मातीचा कप. तो कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा असायचा आणि पिऊन झाल्यावर ती स्वतःच तो विसळून जागेवर ठेवायची. मी हे रोज बघत होते. आम्ही त्याच दिवसांत समाजसुधारणेच्या चळवळी शिकत होतो, मी टिपणं काढत होते, आणि तो कप माझ्या टिपणांत कुठंच नव्हता. माझ्या बुद्धीची मला आज कीव येते. उलट मी तिच्याकडं गेले की पारूआजी, म्हणजे तिची आजी, मला स्वतःच्याच वाटीतून हुलग्याचं माडगं द्यायची आणि मी ते ओरपून दुसरी वाटी मागायची.

आमचे निकमसर वाळकुडे होते. जुन्या स्कूटरवरून यायचे. चौघांपुढंही चाळीस जण बसल्यासारखे शिकवायचे. दरवर्षी त्यांना एकच धास्ती, पुढच्या वर्षी स्पेशल चालू राहतं की बंद होतं. पोरं यावीत म्हणून त्यांनी काय काय केलं. व्याख्यान ठेवलं, तर वक्ते आणि आम्ही दोघी. नाणी दाखवायला आणली, त्यातलं एक गेलं. शेवटी प्राचार्यांनी फर्मावलं, विभागानं 'इतिहास सप्ताह' साजरा करावा, विद्यार्थ्यांचा सहभाग दिसला पाहिजे. दिसला पाहिजे, असला पाहिजे असं नव्हे. विद्यार्थी प्रतिनिधी विकास, ज्यानं तीन वर्षांत इतिहासाचं पुस्तक विकत घेतलं नव्हतं, तो एकदम जागा झाला. मिरवणूक, ढोलताशा, मावळ्यांची वेशभूषा, रांगोळी, शेवटच्या दिवशी वडापाव. सर म्हणाले, हे सगळं करा, पण एक खोली मला द्या. त्यांना खोली क्रमांक नऊ मिळाली. तिच्यात मोडकी बाकं ठेवत असत.

त्या खोलीत त्यांना प्रदर्शन मांडायचं होतं, शेतांच्या नावांचं. "तुमच्या गावातल्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. ते सातबाऱ्यावर नसतं, तिथं नुसता गट नंबर. नाव माणसांच्या तोंडात आहे आणि ती माणसं आता जमिनी विकतायत. नंबर विकला की नाव मरतं. जा, गोळा करून आणा." नऊ जणांपैकी सात जणांनी मान डोलावली आणि दाढ्या चिकटवायला गेले. आम्ही दोघी गेलो.

दोन महिने आम्ही बांध तुडवले. माझ्या सगळ्या शिक्षणात तेवढाच काळ मी शिकले, असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसांना नाव विचारलं की ती आधी हसायची, मग थांबायचीच नाहीत. लांबट, पाणथळ, बाभळीचं तुकडं, कुंभारखाणी, भुताचं खाचर. एक होतं सासूसुनंचं. मधोमध बांध घातलेला, वरचं मोठं सासूचं, खालचं चिमटीएवढं सुनेचं, आणि पाणी मात्र आधी सुनेच्यात यायचं. घरी जाऊन संगीता मोठ्या कागदावर नकाशा काढायची. तिचं अक्षर छापल्यासारखं. मी नोंदी लिहायची, म्हणजे नाव आणि त्याखाली दोन ओळींत अर्थ.

आमच्या स्वतःच्या जमिनीत सगळ्यात चांगला तुकडा ओढ्याकाठचा. त्याला आम्ही आडकी म्हणायचो. आंबेमोहर तिथंच पिकायचा. आबांना अर्थ विचारला तर म्हणाले, "आडकी म्हंजी आडकी. नावाला काय अर्थ असतुया व्हय?" मग मीच अक्कल चालवली. आड म्हणजे विहीर, तेव्हा आडाजवळची ती आडकी. लिहून टाकलं: 'आडकी – आडाजवळची जमीन. येथे पूर्वी आड असावा.' फार खूश झाले मी स्वतःवर. सरांनी वही तपासताना त्या ओळीपुढं पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, 'आड कुठे आहे?'

आड कुठं नव्हता. आम्ही दोघींनी तुकडा चारी बाजूंनी फिरून बघितला. ओढा दहा पावलांवर असताना कोण कशाला आड खणेल, हे मला फिरताना सुचलं, लिहिताना नव्हतं सुचलं. उन्हानं जीव काकुळतीला आला तेव्हा पाणी प्यायला संगीताच्या घरी गेलो. पारूआजी दारात तांदूळ पाखडत होती. मी तिला विचारलं, "आजी, आडकीत आड होता का कधी?"

ती पाखडायची थांबली. आधी तिनं संगीताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी लोक हितं म्हणताव," ती म्हणाली, "हाय म्हणताव, न्हाई म्हणताव, व्हय म्हणताव. समदीकडं तुमच्या तोंडात 'ह' हाय. मंग हाडकीचाच 'ह' कुटं गेला?"

मला काही उमगेना. तिनं सूप खाली ठेवलं. "हाडकी हाय ती. आमची. गावाची मेलेली ढोरं वडायची, सांगावं पोचवायचं, शीव राकायची, त्येच्या बदल्यात आमच्या मानसांना दिलेली. तुज्या पणज्यानं कसायला घेतली. म्हनला, मी पिकवतो, आर्धं आणून देतो. दोन वर्सं आर्धं आलं. मंग पाव आलं. मंग नुसता पेंडा. मंग 'ह' बी गेला." आणि ती पुन्हा पाखडायला लागली. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मी माडगं पिऊन आले. त्या दिवशी दुसरी वाटी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक जाड जुनं पुस्तक काढलं आणि त्यातला शब्द बोटानं दाखवला. हाडकी, हाडवळा. महार वतनाच्या जमिनी. सर इतके आनंदले की त्यांनी खडू मोडला. "बघा, आजीबाईंच्या तोंडातून आणि कागदातून एकच गोष्ट निघाली. ह्याला म्हणतात इतिहास. ह्या सप्ताहातला हा एकच शोध आहे, बाकी सगळ्या दाढ्या." त्या संध्याकाळी संगीतानं नकाशावर ते नाव काढलं तेव्हा 'ह' बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित मोठा आला. मी खाली नवी नोंद लिहिली: 'हाडकी – गावकीच्या कामाबद्दल महार समाजाला मिळालेली वतनी जमीन. आज उच्चारात ह गळून आडकी.' कुणी कसायला घेतली ते मी लिहिलं नाही. तेवढं धाडस मला तेव्हाही नव्हतं.

सप्ताह सुरू झाला. मिरवणुकीत ढोलाच्या आवाजानं भिंतीवरचा एक फोटो पडला. वक्ते दोन तास अभिमान या विषयावर बोलले आणि मुलं मागच्या दारानं गेली. नऊ नंबरच्या खोलीत आम्ही दोघी सकाळपासून नकाशाजवळ उभ्या. मुलं यायची, कारण सरांनी अंतर्गत गुणांसाठी सह्या सक्तीच्या केल्या होत्या. सही करायची आणि जायची. एका मुलीनं मला विचारलं, "हे ऑप्शनलाय का?" विकास तीस जणांना घेऊन आला, सगळ्यांनी नकाशाकडं पाठ करून फोटो काढून घेतला आणि ते वडापावच्या रांगेत गेले. त्या रांगेतली दंगल आम्हाला खोलीत ऐकू येत होती. माझा संताप मावेना. दोन महिन्यांची तंगडतोड आणि एकानंही, एकाही माणसानं, एक नाव वाचलेलं नव्हतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, कुणी तरी एक जण येऊ दे आणि नीट वाचू दे.

आले आबा. मिरवणुकीचा रथ म्हणून आमचा ट्रॅक्टर दिला होता, म्हणून त्यांना पालक या नात्यानं बोलावलं होतं. बरोबर पुण्याहून जमीन बघायला आलेले एक गृहस्थ होते, ते बाहेर वडापाव खात थांबले. आबा एकटेच आत आले, चपला दाराशी काढून. नकाशापुढं उभे राहिले. आधी ओढा शोधला, मग आमचं घर, मग बोट टेकवून एकेका बांधावरून चालायला लागले. ओठ हलत होते. सासूसुनंच्या खाचराशी हसले. म्हणाले, "ह्ये बी लिव्हलंस व्हय." मला भरून आलं. त्या आठवड्यात त्या नकाशापुढं जीव लावून उभं राहिलेलं ते एकच माणूस. मग बोट ओढ्याकाठी आलं आणि थांबलं.

"ह्यो 'ह' कुणी लावला?"

मी म्हटलं, "होताच तो. आपण काढला."

ते ओरडले नाहीत. दाराकडं एकदा बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "भाईर मानूस उबा हाय. पंदरा दिसांत व्यव्हार व्हायचाय. खोड त्ये."

एका अक्षरानं व्यवहार अडला नसता. कागद केव्हाच बदलले होते, सातबाऱ्यावर आमचंच नाव होतं, आणि हे माझ्यापेक्षा आबांना जास्त ठाऊक होतं. तरीही त्यांना तो 'ह' भिंतीवर नको होता. बाहेरच्या माणसासाठी नव्हे, हे मला खूप वर्षांनी कळलं. त्यांना स्वतःलाच तो वाचायचा नव्हता. मी सरांकडं बघितलं. तोवर प्राचार्यही आले होते. ते म्हणाले, "वादाचं काही नको हं निकम, सप्ताह छान झालाय." आणि आमचे सर, ज्यांनी आदल्याच आठवड्यात खडू मोडला होता, ते चष्मा पुसत म्हणाले, "नकाशा तुमचा आहे. तुम्ही ठरवा." त्यांना स्पेशल चालू ठेवायचं होतं, मला ठाऊक आहे. त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. शिकवलं त्यांनी आणि ठरवायचं एकोणीस वर्षांच्या पोरीनं.

टेबलावर सह्यांच्या कागदाशेजारी व्हाइटनरची बाटली होती. मी ती घेतली. 'ह' मोठा होता, दोनदा लावावं लागलं. वर काळ्या पेनानं 'आ' काढला, तो माझ्या अक्षरात, वेडावाकडा. खालच्या नोंदीवर वहीतली जुनी नोंद कापून डकवली, येथे पूर्वी आड असावा. हे सगळं करायला पाच मिनिटं लागली असतील. आबा चपला घालून गेले. संगीता शेजारीच उभी होती, तिनं मला थांबवलं नाही. सगळं वाळेपर्यंत ती बघत राहिली आणि मग कोपऱ्यात जिथं आमची दोघींची नावं होती तिथं बोट ठेवून म्हणाली, "माजं बी खोड आता. बाटलीत उरलंय."

मी म्हटलं, "असं नको ना करू." तिनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच खोडलं. तिच्या कामासारखंच ते कामही स्वच्छ झालं.

नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरी प्रवेशिकाच नव्हती. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझ्या नावानं लेख छापून आला, 'आमच्या शेतांची नावे', त्यात आडकी आणि तिचा आड. संगीता दुसऱ्या दिवसापासून मला हाक मारायला आली नाही. आठवडाभरानं आईनं विचारलं, "ती का यीना झाली?" कोनाड्यातला कप बरेच दिवस तसाच होता. मग आईनं त्यात चुना कालवला.

त्या तुकड्यावर आता अकरा मजल्यांच्या सहा इमारती आहेत. आमच्या हिश्शाला त्यात एक फ्लॅट आला, धाकट्या भावाचा. परवा त्याच्या नातवाच्या बारशाला गेले तर फाटकातच एक दगडी आड. खरा नव्हे, शोभेचा, गुडघ्याएवढा, वर रहाट आणि पोहरा. शेजारी पितळी पाटी, 'या ठिकाणी प्राचीन आड होता, त्यावरून या भूमीस आडकी असे नाव पडले.' पोरं त्या पोहऱ्यात वेफर्सची पाकिटं टाकत होती. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथं आडच नव्हता, तरी पोहरा भरलेला.

मी बारसं सोडून तडक सोसायटीच्या ऑफिसात गेले. मॅनेजर तरुण होता, अदबीनं बोलणारा. मी म्हटलं, ही पाटी चुकीची आहे, इथं आड कधीच नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, असं कसं, आम्ही प्रॉपर रिसर्च केलाय. लिखित पुरावा आहे." त्यानं कपाटातून फाइल काढली आणि एक झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. वार्षिक अंकातलं पान. लेखाखाली एकच नाव, माझं. "या बाई तुमच्या गावच्याच असतील," तो म्हणाला. "ओळखता का?"

मी म्हटलं, फारशी नाही.

घरी येऊन संगीताचा नंबर शोधला. ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, दोन गावं पलीकडं राहते, आणि इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यांत दोनदा नुसत्या हसलो आहोत. मी तिला सगळं सांगितलं, पाटी, पोहरा, झेरॉक्स. म्हटलं, मी आता लिहिणार आहे, 'ह' लावून, जसं होतं तसं, माझ्या हातानं खोडलं हेही. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"लिही की," ती म्हणाली. "आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं. आता तूच वाच."

आणि तिनं कुकर बंद करायला म्हणून फोन ठेवला.